हलकं हेड घ्या, पण हात सोडल्यावर थांबणारं घ्या

नाशिकरोडहून एकांनी विचारलंय: "६५ मिमीचा, तिरक्या आयपीसचा स्पॉटिंग स्कोप घेतला आहे. ट्रायपॉडचे पाय कार्बन फायबरचे, १.३ किलोचे. वर पूर्वी कॅमेऱ्यासाठी घेतलेलं बॉल हेड आहे. त्यावर १० किलो क्षमता लिहिली आहे, तरी स्कोप लावला की तो मान टाकतो. अमेरिकेतले शिकारी ३००-३५० ग्रॅमची छोटी पॅन हेड वापरताना दिसतात. तसलं एखादं नांदूरमध्यमेश्वर आणि अंजनेरी, दोन्हीकडे चालेल का? आणि क्षमता किती किलोची बघावी?"

मी बरीच वर्षं हिवाळ्यात लोकांना नांदूरमध्यमेश्वरला पक्षी दाखवायला नेते, जानेवारीतल्या पाणपक्षी गणनेत स्कोपमागे असते आणि गिधाडांसाठी अंजनेरीच्या कड्यांसमोर बसते. त्या कामातून जे कळलंय ते सांगते. (नवख्यांसाठी: स्पॉटिंग स्कोप म्हणजे एका डोळ्याने बघायची, जास्त पटीची दुर्बीण, ६५ मिमी हा तिच्या पुढच्या भिंगाचा व्यास, आयपीस म्हणजे डोळा लावायचं भिंग, आणि हेड म्हणजे ट्रायपॉडच्या पायांवर बसून स्कोप धरणारा आणि वळवणारा भाग.) यातलं बरंच काही तुमच्या स्कोपचं नेमकं वजन किती, तो तुम्ही एकटे बघता की दहा जणांना दाखवता आणि पाठीवर घेऊन किती चालता, यावर अवलंबून आहे. म्हणून उत्तर जरा लांबेल.

तुमचा खरा त्रास वजन पेलण्याचा नाही. तुमचं हेड १० किलो खरोखर पेलत असेल, आणि तुमचा स्कोप आयपीस धरून दीड किलोच्या आसपास भरेल. तरीही तो मान टाकतो, कारण क्षमतेचा आकडा एका प्रश्नाचं उत्तर देतो आणि तुम्हाला पडलाय दुसराच प्रश्न. तो आकडा प्रत्येक कंपनी आपापल्या पद्धतीने ठरवते. सहसा त्याचा अर्थ इतकाच, की वजन हेडच्या बरोबर डोक्यावर असेल तर इतकं भागेल. स्कोपचं वजन असं डोक्यावर बसत नाही. तो हातभर लांब असतो, पुढची काच जड असते आणि हेडवर बसवायचा त्याचा पाय मध्यावर असेलच असं नाही. शिवाय अख्खा स्कोप हेडच्या सांध्यापासून सात-आठ, कधी दहा सेंटिमीटर वर असतो. तुम्ही तो जितका खाली झुकवाल तितकं ते वजन पुढे सरकतं आणि सांध्याला फिरवायला बघतं. दीड किलोच असतं, पण तरफेच्या टोकाला असतं.

आता हे स्कोपमध्ये इतकं का जाणवतं तेही सांगते. ६० पटीवर बऱ्याच स्कोपमध्ये एक किलोमीटरवरचा जेमतेम २० मीटरचा पट्टा दिसतो. म्हणजे ५०० मीटरवर १० मीटर. नॉब घट्ट केल्यावर हेड फक्त पाव अंश खाली बसलं, तर ५०० मीटरवर चित्र दोन मीटरहून जास्त सरकतं. मधोमध धरलेला पक्षी केंद्रापासून काठापर्यंतचं जवळजवळ निम्मं अंतर कापतो. कॅमेऱ्यावर साधी लेन्स असताना हाच पाव अंश तुमच्या लक्षातही आला नसता. म्हणून कॅमेऱ्याखाली वर्षानुवर्षं समाधानाने वापरलेलं बॉल हेड स्कोपखाली अचानक निरुपयोगी वाटतं. ते बिघडलेलं नाही, त्याच्याकडून आपण मागतोय तेच बदललंय.

बॉल हेडची अडचण त्याच्या रचनेतच आहे. एक गोळा, एक नॉब. नॉब सैल केला की वर-खाली, डावी-उजवी आणि बाजूला कलणं, तिन्ही हालचाली एकदम मोकळ्या होतात. स्कोपला यातल्या दोनच लागतात. तिसरी, म्हणजे बाजूला कलणं, कधीच लागत नाही, आणि नेमकी तीच घात करते. समोर थापट्या बदकांचा थवा आहे, तुम्हाला जरा डावीकडे जायचंय, नॉब ढिला करताच स्कोप कुशीवर पडतो. मग एका हाताने स्कोप धरायचा, दुसऱ्याने नॉब फिरवायचा आणि डोळा आयपीसवरून हलू द्यायचा नाही. अशी कसरत करत दोन तास पक्षी बघता येत नाहीत. तेव्हा बॉल हेड बदलायचं तुमचं ठरलंय ते योग्यच आहे. पॅन हेडमध्ये, म्हणजे आडवं फिरणं आणि वर-खाली होणं एवढ्या दोनच हालचाली असलेल्या हेडमध्ये, अर्धं दुखणं तिथेच संपतं.

नवीन हेड येईपर्यंत एक तोडगा करून बघा. तुमच्या स्कोपला नळीभोवती गोल फिरणारी कॉलर, म्हणजे कडं असेल, तर बॉल हेडची मान त्याच्या खाचेत आडवी पाडा आणि कॉलर सैल करून स्कोपचा आयपीस पुन्हा सरळ वर आणा. आता गोळा वर-खालीच फिरेल आणि आडवं वळण तळाच्या पॅनवर, म्हणजे हेडच्या गोल फिरणाऱ्या तळावर होईल. वजन एका बाजूला लटकतं, म्हणून ट्रायपॉडचा एक पाय त्याच बाजूला ठेवायचा. कायमचा उपाय म्हणून हे सांगणार नाही, पण दोन-चार रविवार निघतात.

आता शिकाऱ्यांच्या हेडबद्दल. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी आहे, त्यामुळे हा सगळा अनुभव आपल्याला परक्याकडूनच घ्यावा लागतो. तो घेण्यात काही गैर नाही. दुर्बिणी आणि स्कोप तेच असतात, आणि डोंगरात दिवसभर काचेतून बघण्याचा त्यांच्याइतका सराव फार थोड्यांना असतो. पण ते कशासाठी बघतात हे लक्षात घेतलं नाही तर त्यांची शिफारस चुकीच्या जागी लागू होते. अमेरिकेच्या पश्चिमेकडच्या डोंगराळ राज्यांत हरणं आणि एल्क (मोठ्या हरणाची एक जात) शोधणारा शिकारी पाच-सहा दिवसांचं सामान पाठीवर घेऊन चालतो. तंबू, अन्न, स्वयंपाकाचं सामान सगळं त्यातच. तो डोंगराच्या एका धारेवर बसतो आणि समोरचा उतार १० किंवा १५ पटीच्या दुर्बिणीतून तासन्‌तास विंचरतो. दुर्बीण ट्रायपॉडवर लावलेली असते. संशय आला की दुर्बीण काढून त्याच हेडवर स्कोप चढवायचा. प्राणी बहुतेक वेळा झुडपाखाली बसलेला किंवा चरत असतो, म्हणजे फारसा हलत नाही. हेडचं काम असतं अगदी हळू, थोडंथोडं सरकणं. बघणारा एकच माणूस, आणि तोही खाली बसलेला.

या कामाला २५० ते ४५० ग्रॅमची छोटी पॅन हेड अगदी योग्य आहेत. लहान घेराचा तळ, छोटा काढता येणारा दांडा, आर्का पद्धतीचा क्लॅम्प (उतरत्या कडांची प्लेट दोन जबड्यांत पकडणारा), आणि वर-खालीचा ताण कमीजास्त करायला एक नॉब. त्यांच्यासाठी एकेक ग्रॅम मोजणं हे वेड नाही.

आता आपल्याकडे या. नांदूरमध्यमेश्वरला गोदावरी आणि कादवाच्या संगमाखाली ब्रिटिश काळात बांधलेला दगडी बंधारा आहे. त्याच्यामागे शंभरेक वर्षांत गाळ साचून उथळ पाणी, बेटं आणि पाणवनस्पतींचं जंगल तयार झालंय. २०२० च्या जानेवारीत महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा म्हणून ते जाहीर झालं, ते या उथळपणातून आलेल्या पक्ष्यांमुळेच. स्कोपवाल्याला त्याचा अर्थ असा, की पक्षी काठाजवळ क्वचित असतात. चापडगावच्या मनोऱ्यावरून चक्रवाक, तलवार बदकं, वारकरी, मोर शराटी असे सगळे तीनशे ते सहाशे मीटरवर पसरलेले असतात आणि मधून मधून दलदली भोवत्या त्यांच्यावरून खाली तरंगत जातो. भोवत्या आला की अख्खा थवा उठतो, एक फेरी मारतो, दुसरीकडे बसतो. तुम्हाला त्याच्या मागे जावं लागतं. शिकाऱ्याच्या छोट्या हेडला नेमकी इथे धाप लागते. दांडा आखूड, तरफ कमी, आणि पॅनची जागा लहान असल्यामुळे चाल सुरू होताना ते अडतं आणि मग झटक्याने सुटतं. पटी ३० वर असेल तर झटका खपतो, ५० वर पक्षी चित्राबाहेर.

दुसरी गोष्ट माणसांची. तुम्ही लिहिलं नाहीत, पण आपल्याकडे स्कोप लावला की मागे रांग लागते, आणि लागावी असंच मला वाटतं. शाळेची मुलं येतात, गावातले शेतकरी थांबतात, "आम्हाला पण बघू द्या की ताई" म्हणतात. प्रत्येक जण वाकतो, आयपीसला हनुवटी लावतो, हाताने नळी धरतो. अशा वेळी हेडने दर वेळी जागेवर परत आलं पाहिजे. सव्वातीनशे ग्रॅमचं हेड एका शांत माणसाच्या हातात जे करतं ते दहा लोकांच्या हातात करत नाही. मनोऱ्यावर कुणी जिना चढायला लागलं की कंप येतो तो वेगळाच.

अंजनेरीची गरज जवळपास उलटी आहे. किल्ला चार हजार दोनशे फुटांच्या आसपास, सामान स्वतःच्या पाठीवर, उन्हात दोन लिटर पाणी हवंच. वर पठारावर वारा. तिथे तुम्ही लांब चोचीची गिधाडं शोधणार, म्हणजे कड्याची कपार न कपार बघणार. पक्षी घरट्यावर बसलेला असतो किंवा कड्याच्या कडेला पंख पसरून ऊन खात असतो. हालचाल कमी, शोध जास्त. ही परिस्थिती शिकाऱ्याच्या धारेसारखी आहे, आणि इथे त्यांचं हलकं हेड खरंच कामाला येतं.

त्यांची आणखी एक सवय इथे उचलण्यासारखी आहे. एकदम स्कोपनेच कडा शोधायला जाऊ नका. तुमची ८ किंवा १० पटीची दुर्बीण हेडवर लावा. बऱ्याच दुर्बिणींच्या मधल्या बिजागरीच्या पुढच्या टोकाला एक टोपण असतं. ते फिरवून काढलं की आत पाव इंची आटे दिसतात, त्यात बसणारा अडॅप्टर मिळतो. हातात धरलेल्या दुर्बिणीतून जे नुसतं खडकाचं टोक वाटतं, ते स्थिर दुर्बिणीतून मान वळवताना दिसतं. कड्याच्या डाव्या टोकापासून सुरुवात करायची, एक चौकट नीट बघायची, मग चित्राच्या जवळपास रुंदीइतकं उजवीकडे सरकायचं. ओळ संपली की खाली उतरून परत. विष्ठेचे पांढरे ओघळ दिसले की तिथे थांबायचं. मग स्कोप. आणि हे सगळं लांबून, बसून करायचं. कड्याच्या काठावर जाऊन खाली डोकावलं तर घरट्यावरचा पक्षी उठतो.

बसण्याबद्दल मला आग्रहाने सांगायचंय. आपण ट्रायपॉड पूर्ण उंच करून, मधला दांडाही वर ओढून उभे राहतो. पायाचे सर्वात बारीक भाग उघडे, दांडा वर, त्यावर हलकं हेड, त्यावर लांब स्कोप, आणि मग म्हणतो हेड हलतं. तुमचा आयपीस तिरका आहे ही चांगली गोष्ट आहे. एक छोटं घडीचं स्टूल घ्या, पायाचा शेवटचा भाग बंद ठेवा, मधला दांडा खाली. त्याच हेडवर चित्र ओळखू येणार नाही इतकं शांत होईल. गाळपेराच्या काठाला बसलेल्या माणसाला टिलवे आणि तुतवारही कमी बुजतात. वारा असेल तर पिशवी मधल्या दांड्याच्या हुकाला अडकवा, पण ती जमिनीला टेकलेली असू द्या. लटकती पिशवी वाऱ्याने झुलते आणि तीच ट्रायपॉड हलवते.

आता ज्या गोष्टीकडे सर्वात कमी लक्ष दिलं जातं आणि जिने सर्वात जास्त फरक पडतो, ती म्हणजे तोल.

स्कोपचा पाय बहुतेक वेळा दोन-तीन बोटं रुंद, आखूड असतो. तो थेट क्लॅम्पमध्ये बसवला तर तोल जिथे पडेल तिथे पडतो. कधी पुढचं भिंग ओढतं, कधी मोठा आयपीस मागे ओढतो. लोक यावर इलाज म्हणून नॉब जास्त आवळतात. नॉब जास्त आवळला की हेड अडून चालतं, झटके देतं, आणि सोडल्यावर तरीही थोडं बसतंच. त्याऐवजी १०० ते १२० मिमी लांबीची आर्का प्लेट स्कोपच्या पायाला लावा. मग क्लॅम्प थोडा सैल करून स्कोप पुढे-मागे सरकवा. वर-खालीचा नॉब पूर्ण मोकळा सोडलेला असताना स्कोप ज्या जागी आडवा राहतो, ती तुमच्या तोलाची जागा. प्लेटवर मार्करने बारीक रेघ मारून ठेवा, पहाटे अंधारात उपयोगी पडते. ही प्लेट पन्नास-साठ ग्रॅमची असते आणि तिच्यामुळे तेच हलकं हेड दुप्पट चांगलं वागतं. मी नवीन माणसाला हेड बदलायच्या आधी प्लेट बदलायला सांगते.

मोबाइल लावून फोटो काढत असाल तर तोलाचं गणित पुन्हा मांडावं लागतं. फोन आणि त्याचा अडॅप्टर मिळून पावकिलोच्या पुढे जातो, आणि ते सगळं वजन स्कोपच्या अगदी मागच्या टोकाला येतं. फोन लावल्यावर स्कोप पुढे सरकवा, त्यासाठी प्लेटवर दुसरी रेघ. लांब प्लेटचा इथे दुसरा फायदा होतो. आखूड पायावर सरकवायला जागाच नसते.

एवढं करूनही एक गोष्ट उरते. आडवा स्कोप तोलात असला तरी खाली झुकवल्यावर तो आणखी झुकायला बघतोच, कारण त्याचं वजन सांध्याच्या वर आहे. मोठ्या व्हिडिओ हेडमध्ये यासाठी आत स्प्रिंग असते, ती त्याला परत वर ढकलते. छोट्या हलक्या हेडमध्ये ती नसते, तिथे फक्त घर्षण किंवा घट्ट ग्रीस असतं. म्हणून छोटं हेड घेताना क्लॅम्पपासून सांध्याचं अंतर जितकं कमी तितकं बरं. दोन हेड एकाच वजनाची असतील तर बुटकं निवडा.

ग्रीसबद्दल थोडं. खऱ्या फ्लुइड हेडमध्ये चाल संथ ठेवणारी वेगळी बंद रचना असते. स्वस्त हेडवर नुसतं 'फ्लुइड' लिहिलेलं असतं आणि आत दोन चकत्यांमध्ये जाड ग्रीस. ते वाईटच असतं असं नाही, पण थंडीत त्याचा स्वभाव बदलतो. निफाडचा पारा दर हिवाळ्यात बातमीत येतो तो उगाच नाही. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रावर तो चार-पाच अंशांवर उतरल्याच्या बातम्या आपण वाचतो, आणि नांदूरमध्यमेश्वर त्याच तालुक्यात आहे. पहाटे सहाला जे हेड हलवायला जोर लावावा लागतो, तेच अकरा वाजता स्वतःहून घसरतं. त्यामुळे ताण कमीजास्त करता येणारा नॉब हवाच. ज्या हेडवर ताण कारखान्यातून ठरवून दिलेला आहे आणि नुसतं लॉक आणि अनलॉक आहे, ते आपल्या हवामानात वर्षभर सारखं चालत नाही. तसंही अकराच्या पुढे पाण्यावरची हवा उकळल्यासारखी दिसायला लागते आणि ३० पटीच्या वर काही हाती लागत नाही, तेव्हा स्कोपचं खरं काम सकाळीच.

क्लॅम्प दोन प्रकारचे येतात, खटक्याचे आणि नॉबचे. खटक्याचा झटकन उघडतो, आणि तोच त्याचा दोष आहे. ट्रायपॉड खांद्यावर टाकून चालताना पिशवीचा पट्टा खटक्यात अडकून तो उघडल्याचं मी आमच्या गटात पाहिलंय. स्कोप मऊ गाळात पडला म्हणून वाचला. आर्का प्लेटची रुंदी कंपनीगणिक किंचित वेगळी असते, त्यामुळे खटक्याला एक प्लेट घट्ट बसते आणि दुसरी डुलते. नॉबचा क्लॅम्प दोन सेकंद जास्त घेतो आणि सगळ्या प्लेटांना धरतो. मी नॉबचाच वापरते. प्लेटच्या दोन्ही टोकांना खालून छोटे स्क्रू असतात, क्लॅम्प सैल झाला तरी प्लेट घसरून बाहेर पडू नये म्हणून. ते काढून ठेवू नका.

स्कोपच्या पायाला प्लेट एकाच स्क्रूने लागत असेल तर ती फिरते. तुम्ही दांडा डावीकडे ढकलता, हेड वळतं, स्कोप मात्र प्लेटवरच थोडा फिरतो. बऱ्याच स्कोपच्या पायात मुख्य आट्यांशेजारी एक छोटं भोक असतं, ते व्हिडिओ प्लेटच्या खुंटीसाठी. खुंटी असलेली प्लेट मिळाली तर तीच घ्या. नाही मिळाली तर दोन स्क्रूची. आणि पायांच्या बाजूला काय आटे आहेत तेही बघा: हेडच्या तळाला सहसा ३/८ इंची आटे असतात, छोट्या हेडला कधी १/४ इंची. मध्ये बसवायचं पितळी बुश चार आण्याच्या किमतीचं असतं, पण आदल्या रात्री ते घरात नसतं.

आता दुकानात किंवा गच्चीवर हेड कसं तपासायचं ते सांगते, कारण कागदावरची माहिती वाचून हे कळत नाही. आपला स्कोप घेऊन जा. दुकानदार नाही म्हणाला तर परत करता येईल अशा अटीवरच घ्या. नाशिकरोडला तुमच्या गच्चीवरून एकलहऱ्याच्या वीज केंद्राच्या चिमण्या दिसत असतील. चिमणीची कड हे उत्तम लक्ष्य आहे, ती हलत नाही. तोल आधी साधा. मग पटी वाढवा, चिमणीची कड चित्राच्या मधोमध आणा आणि नॉब आवळा. कड जागची हलली का? थोडी हलणं चालतं, पण दर वेळी तितकीच आणि त्याच दिशेने हलली तर तिची सवय होते. कधी वर, कधी खाली असेल तर हेड सोडून द्या. नंतर नॉब अर्धवट सैल ठेवून हात काढून घ्या. स्कोप समोरच्या इमारतीच्या पायथ्याकडे, वीस-तीस अंश खाली झुकवा, सोडा, मिनिटभर बघा. मला हीच तपासणी सर्वात महत्त्वाची वाटते. न आवळता, नुसत्या ताणावर जे हेड स्कोप धरून ठेवतं, त्यावर तुम्ही डोळा न काढता तास घालवू शकता. प्रत्येक वेळी आवळावंच लागणारं हेड कितीही हलकं असलं तरी थव्यामागे जाताना तुम्हाला थकवतं.

तिसरी तपासणी बोटाची. दांड्याच्या टोकाला एक बोट लावून चित्र हळूच एका खिडकीवरून पुढच्या खिडकीवर न्या. आधी अडून मग उडी मारतं का ते पाहा. शेवटी ट्रायपॉडच्या पायाला टिचकी मारा आणि थरथर किती वेळात थांबते ते पाहा. इथे लक्षात येईल की थरथरीचा दोष बऱ्याचदा हेडचा नसून पायांचा असतो. तुमचे पाय १.३ किलोचे आहेत, त्यांचा शेवटचा भाग किती बारीक आहे बघा.

गिम्बल हेडचं कुणी सुचवलं तर नको म्हणा. ते लांब कॅमेरा लेन्ससाठी आहे, जड आहे, आणि तिरक्या आयपीसच्या स्कोपला त्याचा काही खास फायदा नाही. तीन दांड्यांची जुनी थ्री-वे हेडही नकोत, तिसरा दांडा पोटात लागतो.

तर तुमच्यासाठी काय? तुम्ही एकटे किंवा दोघं जात असाल, स्कोप ६५ मिमीचाच राहणार असेल आणि महिन्यातून एखादा डोंगर होत असेल, तर ४०० ते ५०० ग्रॅमच्या आसपासचं बुटकं पॅन हेड घ्या: ताणाचा नॉब वेगळा, आर्का क्लॅम्प, काढता येणारा दांडा, आणि त्यासोबत लांब प्लेट. ३०० ग्रॅमच्या हेडशी फरक अर्ध्या पाण्याच्या बाटलीइतकाही नाही, आणि त्या जादा वजनात मोठी पॅनची जागा आणि लांब दांडा मिळतो. अंजनेरीला ते जड वाटणार नाही आणि चापडगावच्या मनोऱ्यावर तुम्हाला दांड्याशी झगडावं लागणार नाही.

तुम्ही मुलांना, गटांना पक्षी दाखवत असाल किंवा पुढे ८० मिमीच्या वरचा स्कोप घ्यायचा विचार असेल, तर हलक्या हेडच्या मागे लागू नका. मग मॅनफ्रोटोच्या ५०० मालिकेतल्यासारखं साधारण ९०० ग्रॅमचं फ्लुइड हेड बघा. त्याची प्लेट आर्का नसते, ती लांब व्हिडिओ प्लेट असते, पण तिच्यावरही स्कोप पुढे-मागे सरकवता येतो. लग्नाचं शूटिंग करणाऱ्यांकडे अशी हेड असतात आणि ते कॅमेरे बदलतात तेव्हा सुस्थितीतली विकतातही. जुनं घेताना पॅन पूर्ण गोल फिरवून बघा; एका जागी खरखर लागली तर आत वाळू गेली आहे. मी स्वतः पाण्यावर असं हेड वापरते आणि डोंगरात हलकं. पण दोन हेड घेण्याची सक्ती तुमच्यावर नाही. एकच घ्यायचं तर जिथे जास्त वेळा जाता त्या जागेसाठी घ्या.

वजन कमी करायचंच असेल तर ते हेडमधून शेवटी काढा. ८५ मिमीऐवजी ६५ मिमी निवडून तुम्ही अर्धा किलोच्या आसपास आधीच वाचवलंय. स्कोपची जाड पेटी, जादा आयपीस, कधीच न वापरलेला मधला दांडा, यांतून आणखी दोन-तीनशे ग्रॅम सहज निघतात. काही ट्रायपॉडला मधल्या दांड्याऐवजी आखूड चकती लावता येते, तुमच्या पायांना ती बसते का विचारून बघा.

हेड मागवायच्या आधी दोन मापं काढून ठेवा. स्कोपच्या पायाची रुंदी: ती ३८ मिमीच्या आसपास असून कडा उतरत्या असतील, तर तो पाय आर्का क्लॅम्पमध्ये थेट बसण्याची शक्यता आहे आणि प्लेट फक्त तोलासाठी लागेल. आणि तुमच्या ट्रायपॉडच्या माथ्याच्या चकतीचा व्यास: हेडचा तळ त्याहून मोठा असेल तर तो कडेला टेकत नाही आणि डुलतो. ही दोन मापं, स्कोपचं आयपीससह वजन आणि तुम्ही बसून बघता की उभं राहून, एवढं कळवलंत तर तुम्ही निवडलेल्या दोन-तीन हेडपैकी कुठलं घ्यावं ते नेमकं सांगता येईल.